एसओपीतला मानाचा तुरा: 'फेदर इन माय कॅप' कुठं चालते, कुठं नाही

आपल्याकडे कोणत्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर उतरून नुसतं वर पाहिलं तरी दोनचार फ्लेक्स दिसतातच, अमकी पोलीस भरतीत लागली, तमका नीटमध्ये निघाला, आणि खाली मोठ्या अक्षरात "गावाच्या शिरपेचात मानाचा तुरा". पेपरच्या तालुका पानावरही तेच, अन् बातमीच्या शेवटी ठरलेलं वाक्य, "यशाचे श्रेय आईवडील व गुरुजनांना दिले". हेच वाचत मोठी झालेली आपली पोरं जेव्हा पहिल्यांदा इंग्रजीत एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे प्रवेश नाहीतर शिष्यवृत्ती काऊन पाहिजे ते सांगणारा अर्जासोबतचा कागद) नाहीतर सीव्ही लिहायला बसतात तेव्हा तो तुरा आपोआप "फेदर इन माय कॅप" होऊन कागदावर येतो. अमरावती, यवतमाळ, वर्धेकडच्या पोरापोरींचे एसओपी मी बरेच दिवसांपासून तपासून देतो, आणि हे वाक्य नसलेला कागद आला की मलाच चुकल्या चुकल्यासारखं वाटते.

तर आधी हे वाक्य नीट कसं लिहायचं ते सांगतो, मग एसओपीत ते काऊन नको तेही सांगतो.

फेदर म्हणजे कामगिरी, माणूस नाही. गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन करणारे "शी इज अ फेदर इन अवर कॅप" म्हणून टाळ्या घेतात, पण लिहिताना "हर सिलेक्शन इज अ फेदर इन अवर कॅप" पाहिजे, म्हणजे तुरा तिच्या सिलेक्शनचा, तिचा नाही. साधं वाक्य असलं तर इन येते: "विनिंग द स्टेट लेव्हल डिबेट वॉज अ फेदर इन हर कॅप". क्रियापद अ‍ॅड असलं तर टू येते, आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात "अ‍ॅडेड अनदर फेदर टू हर कॅप" नेहमी दिसते, तेही चालते. "ऑन माय कॅप" मात्र नको. बक्षिसं पाच मिळाली तर फेदर्स होतील, पण डोकं एकच आहे म्हणून कॅपची कॅप्स करू नका. आणि फेदरच्या आधीचा तो बारकासा "अ" बहुतेक जण खातात कारण मराठीत त्याचं काही काम नसते, वाचणाऱ्याला तोच आधी दिसतो. मोबाईलवर बोलून टाइप करणाऱ्यांनी तर डोळे उघडे ठेवूनच वाचा, मी "फादर इन माय कॅप" वाचलेलं आहे, आणि फादरचं स्पेलिंग बरोबर असल्यामुळे स्पेलचेक काहीच बोलत नाही.

दुसरं म्हणजे वजन. चार लोकांनी दखल घ्यावी अशा गोष्टीलाच हे शोभते. एमएस-सीआयटी झालं, टायपिंगची चाळीसची परीक्षा निघाली, ह्या कामाच्या गोष्टी आहेत, सीव्हीत टाकाच, पण त्या क्वालिफिकेशनच्या रकान्यात जातील.

आता एसओपी. इथं माझं मत स्पष्ट आहे, स्वतःच्या एसओपीत हे वाक्य टाकूच नका, व्याकरण कितीही शुद्ध असलं तरी. मराठीतही पहा ना, तुरा खोवला असं गाव म्हणते, शाळा म्हणते, पेपर म्हणते. आपणच आपल्याबद्दल असं बोलत नाही (काही जण स्वतःचा फ्लेक्स स्वतःच्या खर्चानं लावतात, त्यांचं सोडा). इंग्रजी वाचणाऱ्यालाही ते तसंच लागते, पोरगा स्वतःच स्वतःची पाठ थोपटून राहिला असं. त्यापेक्षा मोठा लोचा असा की त्या वाक्यातून तुम्ही केलं काय तेच कळत नाही, अन् शब्दमर्यादेत जागा मात्र खाल्ली जाते.

वरुड तालुक्यातल्या एका मित्राचं उदाहरण देतो. 2016 साली सत्यमेव जयते वॉटर कप, म्हणजे श्रमदानातून पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा, पहिल्यांदा झाला तेव्हा तीनच तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. हा भाऊ त्यात उन्हातान्हात राबला होता, आणि फॉर्ममध्ये लिहिलं काय तर वॉटर कप इज द बिगेस्ट फेदर इन माय कॅप, त्यानंतर थेट पाण्याचं महत्त्व अन् थेंबे थेंबे तळे साचे. मी विचारलं, तू तिथं करत काय होता बे? तर म्हणे काही नाही गा, चरासाठी समतल रेषा आखून द्यायचो अन् संध्याकाळी श्रमदानाला किती माणसं आली त्याचं रजिस्टर लिहायचो. काही नाही म्हणे! मग तेच लिहिलं: "इन द समर ऑफ 2016, आय मार्क्ड काँटूर लाइन्स फॉर ट्रेंचेस अँड केप्ट द डेली रजिस्टर ऑफ व्हॉलंटिअर्स इन माय व्हिलेज". ह्यात एकही सजवलेला शब्द नाही, पण मुलाखतीत पुढचे सगळे प्रश्न ह्याच एका ओळीवर येऊ शकतात, अन् उत्तरं त्याच्याजवळ तयार आहेत.

एनएसएसवाल्यांचंही हेच होते. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हे देशभर सारखंच आहे, म्हणून नुसतं "एनएसएस व्हॉलंटिअर" लिहिलं तर तुमच्यात अन् बाजूच्यात फरक काय राहिला? शिबिरात तुमच्याकडे काय होतं ते लिहा, स्वयंपाकाचा हिशोब असला तरी लिहा, शंभर पोरांचं जेवण वेळेवर निघणं हे मॅनेजमेंटच आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीला 2,800 तासांचा कामाचा अनुभव मागतात आणि त्यात बिनपगारी, स्वयंसेवकाचं कामही धरतात, म्हणून कुठं, कधी, किती तास हे आतापासून एका वहीत टिपत राहा.

तुरा काढला की पोरं त्या जागी दुसरं काहीतरी आणून बसवतात, त्यातली तीन नेहमीची. "अंडर माय बेल्ट" हे अनुभव गाठीशी असण्याबद्दल आहे, "विथ टू इयर्स ऑफ टीचिंग अंडर माय बेल्ट", पण ते बोलीतलं आहे, मुलाखतीत बोला, फॉर्मात नको. अंडरच्या जागी बिलो तर अजिबात नको, बिलो द बेल्ट म्हणजे बॉक्सिंगमधला कमरेखालचा नियमबाह्य ठोसा. "टू माय क्रेडिट" चांगलं आहे, "आय हॅव टू पब्लिश्ड पेपर्स टू माय क्रेडिट", इथं ऑन किंवा अंडर चालत नाही. पण "क्रेडिट गोज टू माय पेरेंट्स" हे वेगळं प्रकरण, ते बातमीच्या शेवटच्या ओळीतून आलेलं आहे, आईवडिलांबद्दल मनात कितीही असलं तरी कमिटीला तुमचं काम वाचायचं असते. तिसरं "प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड". नुकतीच बीएस्सी झालेल्या पोराला प्रूव्हन कुठून आलं? चॅटजीपीटीला विचारलं की ते हेच देते, म्हणून सगळ्यांचे सीव्ही सारखे दिसायला लागले आहेत.

मग हा तुरा खोवायचा कुठं? शिफारसपत्रात. तिथं बोलणारे तुमचे सर असतात, त्यामुळे "हर सिलेक्शन वॉज अ फेदर इन द कॉलेजेस कॅप" एकदा आलं तर शोभून दिसते. आता आपल्याकडच्या कॉलेजात एलओआर, म्हणजे हेच शिफारसपत्र, मागायला गेलं की सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. चांगली पद्धत नाही, पण आहे. शक्यतो सरांना तुमच्या कामाचे मुद्दे एका कागदावर द्या अन् पत्र त्यांनाच लिहू द्या. नाहीच जमलं तर निदान आपल्या एसओपीतलं वाक्य उचलून तिथं चिकटवू नका, घाईत "माय" तसंच राहून जाते, खाली सही एचओडीची, आणि वाचणाऱ्याला वाटते की स्टेट लेव्हलची ती डिबेट एचओडी साहेबच जिंकून आले.