शैक्षणिक संशोधनासाठी चॅटरूम आणि चॅट सॉफ्टवेअर कसे शोधावे

चॅटरूम शोधायला लागण्यापूर्वी संशोधकाने एक प्रश्न निकालात काढावा. लोकांचे तिथले बोलणे हाच अभ्यासाचा विषय आहे, की मुलाखती आणि गटचर्चा घेण्यासाठी केवळ एक जागा हवी आहे? पहिल्या बाबतीत आपण पाहुणे असतो आणि दुसऱ्या बाबतीत यजमान. या दोन भूमिकांची जबाबदारी वेगळी असते आणि त्यांना लागणारी साधनेही वेगळी असतात. ही निवड आधी केली नाही, तर आवडते सॉफ्टवेअर आधी ठरते आणि संशोधनाचा प्रश्न मागाहून त्यात कोंबला जातो.

बोलण्याचा अभ्यास करायचा असेल, तर नव्या खोलीत शिरण्यापूर्वी तयार संग्रह पाहावेत. २००६ मध्ये वयोगटानुसार विभागलेल्या चॅटरूममधून जमवलेला एनपीएस चॅट कॉर्पस हा संग्रह १०,५६७ संदेशांचा आहे. त्यातील टोपणनावे बदललेली आहेत आणि तो एनएलटीके या भाषा-विश्लेषणाच्या पायथॉन संचाबरोबर मिळतो. उबुंटू या संगणक प्रणालीच्या तांत्रिक मदतीच्या चॅट चॅनेलमधील नोंदींवरून २०१५ मध्ये तयार झालेल्या संग्रहात नऊ लाखांहून अधिक संवाद आहेत. प्रश्न भाषेच्या रचनेचा असेल, तर असा संग्रह बहुधा पुरतो आणि कोणाच्याही संभाषणात डोकावावे लागत नाही. प्रश्न एखाद्या विशिष्ट समुदायाचा किंवा आजच्या घडामोडींचा असेल, तरच पुढची पायरी घ्यावी.

जिवंत खोल्या शोधण्याची रीत प्रत्येक व्यवस्थेत निराळी आहे. १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलेली आयआरसी ही मजकुरी गप्पांची व्यवस्था आजही मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात वापरात आहे. लिबेरा चॅट या आयआरसीच्या जाळ्यावर ‘अलिस’ नावाच्या सेवेला विषयाचा शब्द दिला, की जुळणारी चॅनेल, म्हणजे तिथल्या खोल्या, सापडतात. पारंपरिक आयआरसीत सर्व्हर जुने संदेश साठवत नाही, त्यामुळे आपण आत आल्यानंतरचेच बोलणे दिसते. म्हणून त्या चॅनेलची सार्वजनिक नोंद कोणी ठेवते का आणि तसे चॅनेलच्या वर दिसणाऱ्या विषयाच्या ओळीत सांगितलेले आहे का, हे पाहावे. मॅट्रिक्स या खुल्या प्रोटोकॉलवरील, म्हणजे संदेशवहनाच्या खुल्या नियमसंचावरील, सार्वजनिक खोल्यांची यादी एलिमेंटसारख्या अॅपमधून चाळता येते, आणि नव्या सदस्याला किती जुना इतिहास दिसावा हे प्रत्येक खोलीचे चालक ठरवतात. टेलिग्रामवर सार्वजनिक गट नावाने शोधता येतात. डिस्कॉर्डवर मोठ्या सर्व्हरची यादी मिळते, मात्र लहान समुदायांपर्यंत बहुधा निमंत्रणाच्या दुव्यानेच पोहोचता येते. खोली निवडताना सदस्यसंख्येने हुरळून जाऊ नये. हजारो सदस्यांच्या खोलीत बोलणारे मोजकेच असू शकतात, म्हणून निदान आठवडाभर, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, किती जण खरोखर बोलतात याकडे लक्ष ठेवावे.

खोली सापडली म्हणजे ती वापरण्याची मुभा मिळाली, असे मात्र नाही, आणि नवखे संशोधक सर्वाधिक चुकतात ते इथेच. दार उघडे असले, तरी आत बोलणारी माणसे एकमेकांशी बोलत असतात, संशोधकाशी नव्हे. इंटरनेट संशोधकांच्या संघटनेने २००२, २०१२ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नैतिक मार्गदर्शिका याच प्रश्नाभोवती फिरतात, आणि संशोधनाचा आराखडा लिहितानाच त्या वाचाव्यात. आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता माहिती जमवण्याआधी घ्यावी. त्यानंतर खोलीच्या चालकांना आपले नाव, संस्था, प्रश्न आणि जमवलेल्या माहितीचे पुढे काय होणार, हे स्पष्ट लिहून परवानगी मागावी. चालकांचा होकार हा सदस्यांचा होकार नसतो, म्हणून खोलीतही आपली ओळख उघडपणे द्यावी. मंचाच्या अटीही वाचाव्यात. उदाहरणार्थ, डिस्कॉर्डच्या अटींनुसार लेखी संमतीशिवाय यंत्राद्वारे माहिती उपसता येत नाही. लिखाणात संदेश जसाच्या तसा उद्धृत केला, तर शोधयंत्रातून त्याचा लेखक सापडू शकतो, आणि वर्षानुवर्षे वापरलेले टोपणनाव हीसुद्धा त्या माणसाची ओळखच असते. दोन्ही बदलावीत.

यजमान व्हायचे असेल, तर निवडीचा पहिला निकष माहिती कोणाच्या सर्व्हरवर राहणार हा असावा. झुलिप, मॅटरमोस्ट आणि रॉकेट चॅट ही सॉफ्टवेअर आपल्या संस्थेच्या सर्व्हरवर बसवता येतात. त्यांपैकी झुलिप मला संशोधनासाठी सर्वांत सोयीचे वाटते. त्यात प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र विषय देता येतो, त्यामुळे एकाच वेळी चाललेल्या चार चर्चा विश्लेषणाच्या वेळी एकमेकींत गुंतत नाहीत. लीन या गणिती सिद्धता तपासणाऱ्या संगणक प्रणालीवर काम करणारे गणितज्ञ झुलिपच वापरतात. स्लॅक हे कार्यालयीन चॅट सॉफ्टवेअर परिचित असले, तरी त्याच्या मोफत योजनेत फक्त मागील ९० दिवसांचे संदेश दिसतात. दीर्घकालीन अभ्यासाचा आधार त्यावर ठेवणे धोक्याचे आहे. विषय आजार, छळ किंवा राजकीय मतांचा असेल, तर सिग्नलसारखे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असलेले, म्हणजे संदेश फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतील असे, साधन घ्यावे. टेलिग्रामचे गट अशा प्रकारे कूटबद्ध नसतात, त्याच्या फक्त दोघांमधल्या गुप्त गप्पा तशा असतात. सहभागींना हा फरक संमतिपत्रातच समजेल अशा शब्दांत सांगावा.

अंतिम निवडीपूर्वी दोन सहकाऱ्यांसह अर्धा तास चाचणीचे संभाषण करावे. त्यात मुद्दाम एखादा संदेश दुरुस्त करावा, एक पुसावा, एखाद्याला उत्तर द्यावे, चित्र आणि इमोजी पाठवावेत. मग ते संभाषण फाइल म्हणून बाहेर काढावे. वेळ कोणत्या प्रमाणवेळेत नोंदली जाते, पुसलेल्या संदेशाची जागा दिसते का, उत्तर मूळ संदेशाशी जोडलेले राहते का आणि देवनागरी अक्षरे शाबूत येतात का, हे एकेक करून तपासावे. यातले जे संशोधनाच्या प्रश्नासाठी आवश्यक आहे तेच बाहेर येत नसेल, तर पहिला सहभागी येण्याआधीच दुसरे सॉफ्टवेअर पाहावे.