‘भारी आहे’ म्हटल्यावर पुढे काय बोलायचं

चित्रपट संपला आणि दादाने विचारलं, “कसा वाटला?” मी म्हटलं, “भारी.” तो म्हणाला, “काय भारी?” मी म्हटलं, “सगळंच. गाणी भारी, शेवट भारी.” तो पुढे काही बोलला नाही, पण मला ते रात्रभर टोचत राहिलं. अडीच तासांत मी हसले होते, रडले होते, एका प्रसंगात खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते, आणि एवढ्या सगळ्यातून माझ्याकडे शब्द उरला होता एकच.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे आणि चित्रपट-गाण्यांबद्दल स्वतःचं मत कसं शोधायचं याची माझी एक रीत बसत गेली आहे. मित्रमैत्रिणींत गप्पा रंगल्या असताना आपल्याला जे खरंच वाटलं ते नीट सांगता यावं, यासाठी ती आहे.

पहिल्यांदा पाहताना काहीही करायचं नाही. वही नाही, फोन नाही, शेजारच्याला कोपर मारून ‘आता बघ हं’ नाही. चित्रपटाला आपल्यावर काय करायचं ते करू द्यायचं. शेवटी नावं सरकायला लागली की उठायचं नाही. तिथेच बसून तीन गोष्टी आठवायच्या आणि लवकरात लवकर लिहून काढायच्या: कुठल्या क्षणी सगळ्यात जास्त लागलं, त्या क्षणी कानावर काय पडत होतं, आणि मन कुठे भरकटलं. तिसरी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात, कारण आवडत्या चित्रपटाबद्दल ती कबूल करायला जिवावर येतं. मला मात्र तीच फार उपयोगी पडते. जिथे मन भरकटलं तिथे एक तर चित्रपट सैल झालेला असतो, नाही तर आपल्याला सवय नसलेलं काहीतरी तिथे चाललेलं असतं. यातलं कुठलं, ते दुसऱ्यांदा पाहिल्यावरच कळतं.

या तीन ओळी लिहून होईपर्यंत दुसऱ्या कुणाचंही मत वाचायचं नाही. तारे नाहीत, परीक्षणं नाहीत, खालच्या कमेंट्स तर नाहीतच. ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ हे एकदा डोळ्यांखालून गेलं की उत्तरार्ध रेंगाळलेलाच आठवायला लागतो आणि आपल्याला मुळात काय वाटलं होतं ते हाती लागत नाही. नंतर खुशाल वाचा. मीही वाचते, आणि मजा येते.

आता मुख्य काम. जो क्षण लागला, तेवढाच प्रसंग काढून तीन वेळा बघायचा. एकदा आहे तसा. एकदा आवाज पूर्ण बंद करून. एकदा डोळे मिटून, नुसता कानांनी. यात दहा-पंधरा मिनिटं जातात, पण माझ्या वहीतली सगळी चांगली पानं या दहा-पंधरा मिनिटांतूनच आली आहेत.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’मधला (१९६०) शॉवरचा प्रसंग यासाठी घ्या. हिचकॉकच्या मनात तो प्रसंग संगीताशिवाय ठेवायचा होता. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही त्यासाठी संगीत लिहिलं, आणि तेही फक्त तंतुवाद्यांवर, कारण त्या अख्ख्या चित्रपटाचं संगीतच तंतुवाद्यांचं आहे. ते ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. आवाज बंद करून पाहिलं तर पटापट बदलणारी चित्रं दिसतात, हात, पडदा, पाणी, आणि आपण थोडे लांबून बघत राहतो. मग डोळे मिटून ऐका. त्या व्हायोलिनच्या किंचाळ्या ऐकून मी तर कान झाकले होते. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी ज्याला ‘भीतिदायक दृश्य’ म्हणत होते, त्यातली निम्मी भीती डोळ्यांतून आत आलेलीच नव्हती. एवढं कळलं की वाक्य आपोआप तयार होतं. ‘तो सीन डेंजर आहे’च्या जागी ‘तिथे व्हायोलिन ओरडतात म्हणून अंगावर काटा येतो’ असं तोंडून निघतं, आणि समोरचा लगेच विचारतो, ‘व्हायोलिन? थांब, परत लाव.’ गप्पा सुरू होतात त्या इथून.

एक प्रश्न मी प्रत्येक चित्रपटाला विचारते: हे जे वाजतंय ते पडद्यावरच्या माणसांना ऐकू येतंय का? खोलीत रेडिओ चालू असेल तर पात्रांना तो ऐकू येतो. नायिका एकटी चालली आहे आणि मागे सारंगी वाजते आहे, तर ती फक्त आपल्यासाठी असते. पहिलं संगीत गोष्टीच्या आतलं, दुसरं बाहेरचं. हा फरक एकदा कळला की तो जागोजागी दिसायला लागतो. फ्रिट्झ लांगचा ‘एम’ हा १९३१ चा जर्मन चित्रपट बघा. त्यात लहान मुलांना मारणारा माणूस शिट्टीवर एकच धून वाजवत असतो, आणि शेवटी त्याला ओळखतो तो फुगे विकणारा आंधळा माणूस, निव्वळ त्या शिट्टीवरून. बोलपट नुकतेच आले होते त्या काळात दिग्दर्शकाने आवाजावर एवढी मोठी गोष्ट उभी केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि ‘फँड्री’. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटात जब्या या शाळकरी मुलाचं कुटुंब डुकराच्या मागे धावून धावून दमलेलं असतं. डुक्कर हाताशी येतं आणि नेमकं तेव्हा शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निघून जातं. हे राष्ट्रगीत पार्श्वसंगीत म्हणून वाजलं असतं तर आपण नुसते भारावलो असतो. ते गोष्टीच्या आत वाजतं, त्या माणसांच्या कानांवर पडतं आणि त्यांना थांबवतं, म्हणून तो प्रसंग घशात अडकतो. कुणी मला ‘फँड्रीत काय आवडलं’ असं विचारलं की मी हाच प्रसंग सांगते, आणि दर वेळी सांगता सांगता माझाच आवाज बदलतो.

आवाज नसेल तेव्हाही कान उघडे ठेवायचे. हिचकॉकच्याच ‘द बर्ड्स’मध्ये (१९६३) नेहमीचं पार्श्वसंगीत नाहीच, आहेत ते पक्ष्यांचे आवाज आणि मधली शांतता. ‘सैराट’मध्ये (२०१६) संगीत भरपूर आहे, पण शांतता तिथेही ऐकण्यासारखी आहे. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष बसवून ध्वनिमुद्रण केलं. इतके वादक, एवढा मोठा भरलेला आवाज, आणि चित्रपट संपतो तो मात्र निःशब्द. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की आधी ते संगीत कानांत भरून घेतलेलं असेल, तरच ती शांतता पुरती कळते. नुसती गाणी ऐकून ‘सैराट’बद्दल बोलणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालते.

गाण्यांसाठी वेगळी तयारी लागते. आधी चांगले हेडफोन मिळवा, उसने चालतील. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्जातले आवाज जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे एखाद्या गाण्याला ‘पोकळ’ म्हणण्याआधी आपण ते कशावर ऐकलं हे तपासायला हवं. मी एका गाण्याला वर्षभर सामान्य समजत होते. हेडफोनवर ऐकल्यावर कळलं की त्याचा सगळा जीव बेस गिटारमध्ये होता, आणि ती मी ऐकलीच नव्हती.

मग गाणं तीन-चारदा ऐकायचं आणि दर वेळी एकाच गोष्टीच्या मागे जायचं. एकदा फक्त शब्द. एकदा फक्त ठेका. मांडीवर धरता आला पाहिजे. एकदा मुखडा आणि अंतरा यांच्या मधले वाद्यांचे तुकडे. हे मधले तुकडे आपण ‘म्युझिक आहे’ म्हणून पुढे ढकलतो, पण पुष्कळदा कारागिरी तिथेच असते. कुठलं वाद्य कधी आत येतं, बासरी कुठे थांबते, कोरस किती दबका ठेवायचा, हे बसवणाऱ्याला संगीत संयोजक म्हणतात. ‘गाणं भारी’ म्हणताना आपल्या मनात बहुधा गायक असतो. चाल संगीतकाराची, शब्द गीतकाराचे, वाद्यमेळ संयोजकाचा, आणि हे सगळं एकमेकांवर न चढता ऐकू येतं ते ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करणाऱ्यांमुळे. नावं सरकताना बसून राहायचं ते याच्यासाठी. आपल्याला चाल आवडली की आवाज, एवढं जरी वेगळं करता आलं तरी मत खूप नेमकं होतं.

चित्रपटातल्या गाण्याची आणखी एक परीक्षा मी घेते. ते गाणं मनातल्या मनात काढून टाकायचं आणि बघायचं की गोष्ट अडते का. गाण्याआधी दोघं अनोळखी होते आणि गाण्यानंतर त्यांचं जमलेलं असेल, तर गाण्याने काम केलं. काहीच अडलं नाही तरी गाणं वाईट ठरत नाही. ते सुटं ऐकायला उत्तम असू शकतं. फक्त आपलं वाक्य बदलतं: ‘गाणं आवडलं, पण चित्रपटात त्याची जागा नव्हती.’

जुन्या-नव्याचा वाद आमच्या घरातही होता. मावशीचं म्हणणं, आताच्या गाण्यांत राम नाही. माझं म्हणणं, जुनी गाणी सगळी एकसारखी वाटतात. शेवटी आम्ही अदलाबदल ठरवली: दर आठवड्याला तिने मला एक गाणं द्यायचं, मी तिला एक, आणि पूर्ण ऐकल्याशिवाय बोलायचं नाही. वाद घालणाऱ्या प्रत्येकाला मी हा उपाय सुचवते, फक्त गाण्याबरोबर थोडी माहितीही द्यावी. जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांची का, तर ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. त्या गाण्यांत डाव्या आणि उजव्या कानाला एकच का ऐकू येतं, तर ध्वनिमुद्रण मोनो होतं. गायक आणि वादक एकत्र बसून वाजवत, आणि कुणाचं चुकलं की सगळं पहिल्यापासून. हे कळल्यावर मी मावशीने दिलेलं गाणं परत लावलं. साडेतीन मिनिटांत एवढ्या माणसांनी श्वास धरून ते उभं केलं आहे असं डोळ्यांसमोर आलं, आणि ‘एकसारखं’ हा शब्द मी त्या गाण्यापुरता मागे घेतला. मावशीनेही माझ्या एका गाण्यातला दोन कानांत फिरणारा कोरस ऐकून मान डोलावली. बाकीच्या गाण्यांबाबत तिचं मत अजून तेच आहे.

न आवडलेल्या गोष्टीबद्दल जास्त जपून बोलावं लागतं. ‘मला आवडलं नाही’ आणि ‘वाईट आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, दुसरं म्हणायचं तर पडद्यावरचं काहीतरी दाखवता आलं पाहिजे. ‘ओव्हररेटेड’ हा शब्द मी सोडून दिला आहे, कारण त्यात चित्रपटाबद्दल काहीच नसतं, दुसऱ्यांच्या मतांबद्दलच असतं. आणि वहीत तारीख घालायचीच, कारण मत बदलतं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वहीत लिहिलं होतं, ‘कॅमेरा हलतच नाही, कंटाळा आला.’ त्यात एका ठिकाणी न्यायालयातले दिवे मालवले जातात, पडदा अंधारा होतो आणि तसाच राहतो. मला वाटलं संपला. पण तो पुढे चालू राहतो, न्यायाधीश सुट्टीला गेलेले दिसतात. काही महिन्यांनी पुन्हा पाहिला तेव्हा तोच अंधार मला सगळ्यात जास्त लागला: इथे एका माणसाचं आयुष्य टांगणीला आहे आणि न्यायालय बंद झालं आहे. कॅमेरा हलत नव्हता, कारण तिथे काहीच हलत नाही. जुनी नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली.

नोंद लांबलचक नसावी. तारीख, कितव्यांदा, कशावर पाहिलं, कुणाबरोबर, आणि नेमका प्रसंग. परवाची अशी आहे:

‘शोले, दुसऱ्यांदा. हेडफोन वाटून, दादाबरोबर. संध्याकाळी राधा एकेक दिवा मालवते आणि समोर जय माउथ ऑर्गन वाजवत बसतो. वाजवलाय भानू गुप्ता यांनी, संगीत आर. डी. बर्मन. म्हणजे हे संगीत गोष्टीच्या आतलं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दादाच्या मते ती धून नसती तर तो नुसता दिवे मालवण्याचा सीन झाला असता. मला पटलं नाही. तो सूर तिच्यापर्यंत पोचतो हे मला कशावरून कळलं, चेहऱ्यावरून की दिव्यावरून? रविवारी आवाज बंद करून पुन्हा बघायचं.’