हटके व्हेन्यू शोधताना: नव्यांसाठी काही अनुभव

इव्हेंटच्या कामात नव्यानं येणाऱ्यांच्या कानावर क्लायंटचं एक वाक्य लवकरच पडतं: "हॉटेलचा हॉल नको, काहीतरी हटके दाखवा." मग फोटोंची शोधाशोध सुरू होते. बंद पडलेला कारखाना, संग्रहालय, गच्ची, बोट. फोटोत सगळ्याच जागा देखण्या दिसतात, कारण त्या रिकाम्या असतात.

मी फोटोंच्या आधी एक प्रश्न विचारते: ही जागा मुळात कशासाठी बांधली होती? बँक्वेट हॉल कार्यक्रमांसाठीच बांधलेला असतो. वीज, स्वच्छतागृहं, सामान आणायची वाट, खुर्च्या, सगळं तिथे असतं. वेगळ्या जागेत यातलं जे नसेल ते बाहेरून आणावं लागतं आणि तो खर्च भाड्याच्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून रेकीला, म्हणजे जागेच्या आगाऊ पाहणीला, मी मागच्या दारानं शिरते. ट्रक कुठे लागतो, तिथून हॉलपर्यंत किती पायऱ्या आहेत, थ्री-फेज (जास्त भार पेलणारी) वीज आहे का, जनरेटर कुठे उभा राहील. लिफ्टचं दार स्वतः टेपनं मोजायचं, केअरटेकरच्या "सगळं जातं हो" वर जायचं नाही. मग हॉलमध्ये खुर्ची घेऊन बसायचं. उभ्यानं पाहताना न खुपलेला खांब बसल्यावर बरोबर स्टेजच्या आड येतो. आणि रेकी कार्यक्रमाच्याच वेळी करा. सकाळी शांत असलेला रस्ता संध्याकाळी तसा राहत नाही, आणि पश्चिमेच्या काचांतून येणारं ऊन थेट स्क्रीनवर पडतं.

नवखे लोक सर्वांत कमी लक्ष देतात ते आवाजाकडे. दगडी भिंती, उंच छत, मोठाली तावदानं जितकी देखणी तितकीच भाषणाला घातक. एक शब्द विरायच्या आत पुढचा येऊन त्यावर आदळतो. १८९५मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानाच्या दालनात वक्त्याचं बोलणं कळेना, म्हणून ते सुधारायचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्यानं जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून दालनात मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमारा किती कमी होतो ते मोजलं. दालनाचं आकारमान वाढलं की घुमारा वाढतो, आवाज शोषणारं साहित्य वाढलं की उतरतो, हा हिशेब त्यातून हाती आला. आपल्याला सूत्र पाठ असायची गरज नाही. दालनाच्या मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. ती सेकंदाभरात विरली तर निर्धास्त राहा. दोन-तीन सेकंद रेंगाळली तर तिथे भेटीगाठी ठेवा, चर्चासत्र दुसरीकडे न्या. माणसं भरल्यावर थोडा फरक पडतो. जाड पडदे आणि गालिचे आणखी मदत करतात. नुसता आवाज वाढवून काहीच साधत नाही, कारण घुमाराही तेवढाच वाढतो. श्रोत्यांच्या जवळ छोटे छोटे जास्त स्पीकर लावायला सांगा.

दुसरा घोळ आकाराचा. जागामालक सांगतो ती क्षमता बहुधा फक्त खुर्च्या खच्चून मांडल्यावरची असते. थिएटरसारखी मांडणी असेल तर माणशी ८ ते १० चौरस फूट धरा, गोल टेबलं असतील तर १२ ते १५. स्टेज, वाटा आणि साउंडचं टेबल वेगळं. शिवाय बाहेर पडायची दारं किती आणि किती रुंद, यावरही सुरक्षिततेची मर्यादा ठरते. पण आकडा बसला तरी माझा कल थोड्या लहान जागेकडेच असतो. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं ब्रिटनच्या संसदेचं हाउस ऑफ कॉमन्स हे सभागृह पुन्हा बांधायचं ठरलं, तेव्हा १९४३मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी आग्रह धरला की सगळे सदस्य बसू शकतील एवढं सभागृह नकोच. तसं केलं तर एरवीची चर्चा रिकाम्या बाकांपुढे होईल. आजही तिथे सदस्य ६५० आणि आसनं सुमारे ४२७.

संग्रहालयं मला आवडतात, पण तिथले नियम सोसायची तयारी हवी. जुनी वस्त्रं आणि जलरंगातली चित्रं साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) मंद उजेडात ठेवतात. आपले स्टेजचे दिवे त्याच्या कितीतरी पट प्रखर. फुलांबरोबर कीड येते म्हणून अनेक ठिकाणी ताजी फुलं चालत नाहीत, धुराचं मशीन तर नाहीच. सेटअपही प्रेक्षक गेल्यावरच करायचा. छोटं भाषण आणि दालनांची सैर एवढाच बेत असेल तर यासारखी जागा नाही. क्लायंटला फुलांची कमान हवीच असेल तर दुसरीकडे चला.

गच्चीवर वारा पाहा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि स्टेजमागचा फ्लेक्स शिडासारखा फुगतो. पाऊस येऊ शकत असेल तर त्याच तारखेला आतली जागाही धरून ठेवा. बोटीवरून मधेच उतरता येत नाही, तेव्हा "दहा मिनिटं येऊन जातो" म्हणणारे बडे पाहुणे असतील तर बोट सुचवूच नका. प्रयोग नसलेल्या दिवशीचं नाट्यगृह मात्र फार कमी लोकांना सुचतं. दिवे, साउंड, सामानाचं दार सगळं तयार, आणि पाहुण्यांना प्रेक्षागृहाऐवजी रंगमंचावरच बसवलं तर वेगळेपणासाठी दुसरं काही करावं लागत नाही.

दहा-बारा जणांच्या बैठकीचं गणित निराळं. तिथे खोलीच्या रूपापेक्षा कोण कुणासमोर बसतं याला वजन असतं. व्हिएतनाम युद्धावरच्या पॅरिसच्या वाटाघाटी टेबलाच्या आकारावरून आठवडेच्या आठवडे अडल्या होत्या. जानेवारी १९६९मध्ये मधे गोल टेबल आणि समोरासमोर दोन लहान आयताकृती टेबलं, असा तोडगा निघाला. आपल्या बैठका एवढ्या ताणाच्या नसतात, पण भिंतीत बसवलेलं, हलवता न येणारं टेबल असलेली खोली मी टाळते. बाहेरचा उजेड आणि बंद होणारं दार एवढं असलं की बाकी खोली साधी चालते.

करारात सेटअपचे आणि सामान उतरवण्याचे तास लेखी घ्या. रात्री आवाज किती वाजता बंद करायचा आणि शेजारचं दालन त्याच वेळी दुसऱ्या कुणाला दिलंय का, हेही विचारा. तारखेवरचा होल्ड, म्हणजे पक्कं होण्याआधी तारीख राखून ठेवणं, पहिला आपला की आपल्या आधी दुसऱ्या कुणाचा, तेही. सही करायच्या आधी साउंडवाला आणि लाइटवाला यांना घेऊन पुन्हा एक फेरी मारा. त्यांनी जागा नाकारली तर क्लायंटला त्याच दिवशी कारणासकट कळवा आणि त्याच फोनवर दुसऱ्या जागेच्या रेकीची वेळ घ्या.