कमी वॉटच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरसाठी स्पीकर कसा निवडावा

दिवाळी आटोपून झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील गावांमध्ये सपरीत किंवा अंगणात रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात. अशा तालमीत गिटार वाजवणाऱ्या मुलांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे हार्मोनियम आणि ढोलकीपुढे आपला 5 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर दबून जातो. त्यावर बहुतेक जण मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा विचार करतात. माझे स्पष्ट मत असे आहे की तो खर्च करण्यापूर्वी आत बसवलेला स्पीकर तपासावा, कारण पुष्कळदा कमतरता तेथेच असते.

दुकानात गेल्यावर स्पीकर किती वॉटचा आहे, एवढेच विचारण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रत्यक्षात हा आकडा स्पीकर किती शक्ती जळल्याशिवाय सहन करू शकतो, एवढेच सांगतो. त्याचा आवाज किती मोठा येईल हे त्यावरून कळत नाही. ते कळते सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यावरून, म्हणजे 1 वॉट दिला असता 1 मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो यावरून. दर 3 डेसिबलच्या फरकाला दुप्पट शक्ती लागते, हे सूत्र लक्षात ठेवले तर पुढचा हिशेब सोपा आहे. 5 वॉट म्हणजे 1 वॉटपेक्षा सुमारे 7 डेसिबल जास्त, म्हणून 93 डेसिबलच्या स्पीकरला 5 वॉट दिले तर 1 मीटरवर सुमारे 100 डेसिबल मिळतात, आणि तेच 5 वॉट 100 डेसिबलच्या स्पीकरला दिले तर 107 मिळतात. पहिल्या स्पीकरमधून 107 डेसिबल काढायचे झाल्यास 25 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर लागेल. म्हणजे केवळ स्पीकर बदलून पाचपट शक्तीचे काम होते, आणि तालीम मोकळ्या अंगणात असेल तर ही वाढ फार मोलाची ठरते, कारण उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो आणि तो परतवायला भिंती नसतात.

उदाहरणादाखल सेलेस्टियन कंपनीचे दोन प्रसिद्ध 12 इंची स्पीकर पाहावेत. व्हिंटेज 30 हा 60 वॉटचा असून त्याची सेन्सिटिव्हिटी 100 डेसिबल आहे, तर ग्रीनबॅक 25 वॉटचा आणि 98 डेसिबलचा आहे. 5 वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन्ही चालतात. घरातल्या खोलीत हळू वाजवणाऱ्याला मात्र जास्त सेन्सिटिव्हिटी हवीच असे नाही. ज्याला अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण उघडून त्याचा फाटलेला, भरदार स्वर शेजाऱ्यांची झोप न मोडता हवा आहे, त्याने मुद्दाम 93 ते 95 डेसिबलचा स्पीकर घ्यावा. वॉटच्या बाबतीत एवढेच पाळावे की व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर जोरात चालवला की लिहिलेल्यापेक्षा बरीच जास्त शक्ती देतो, म्हणून 5 वॉटसाठी किमान 10 आणि शक्यतो 15 वॉटचा किंवा त्याहून मोठा स्पीकर असावा.

तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळणारे स्पीकर बहुधा भजनाच्या किंवा मंडपाच्या माईकसेटसाठी असतात. ते स्वस्त असले तरी गिटारसाठी घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगतो. गिटारचा स्पीकर साधारण 80 हर्ट्झपासून 5 किलोहर्ट्झपर्यंतच नीट वाजतो आणि त्यापुढचे तीव्र स्वर आपोआप गाळतो. हे गाळणे हाच त्याचा गुण आहे. सर्व स्वर सारखे वाजवणाऱ्या स्पीकरवर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला स्वर, दिले की कानाला पत्रा घासल्यासारखे वाटते.

ओहमच्या, म्हणजे स्पीकरच्या विद्युत अवरोधाच्या, बाबतीत चूक झाली तर अ‍ॅम्प्लिफायरच निकामी होऊ शकतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर 8 ओहम लिहिले असेल तर 8 ओहमचाच स्पीकर लावावा, आणि स्पीकर जोडलेला नसताना तो कधीही वाजवू नये, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लिहिल्यापेक्षा जास्त ओहमचा स्पीकर चालतो, फक्त आवाज थोडा कमी येतो. कमी ओहमचा मात्र चालत नाही. जुन्या स्पीकरवरचे लेबल पुसले गेले असेल तर मल्टिमीटरने मोजावे. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो आणि 4 ओहमचा 3 ते साडेतीन. जुना स्पीकर घेताना दोन्ही हातांची बोटे कोनच्या, म्हणजे पुढच्या कागदी पडद्याच्या, कडेला समोरासमोर ठेवून तो अगदी हलके आत दाबावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल बिघडलेली आहे असे समजावे.

आकाराचा निर्णय पेटीवर अवलंबून असतो. 8 इंची स्पीकर छोट्या पेटीत बसतो, पण त्याचा आवाज बहुधा डब्यातून आल्यासारखा येतो. मोटारसायकलवर सामान न्यावे लागणाऱ्या वादकाला 10 इंची सोयीचा पडतो. जागा असेल तर 12 इंची स्पीकरसाठी गावातल्या सुताराकडून 18 मिलिमीटर प्लायवुडची किंवा चांगल्या वाळलेल्या सागवानाची वेगळी पेटी करून घेणे मला सर्वांत योग्य वाटते. दाबलेल्या भुशाच्या फळीची पेटी पावसाळ्यात फुगते. मागून उघडी पेटी खोलीभर आवाज पसरवते, बंद पेटीत खालचे स्वर अधिक घट्ट येतात. उघड्या पेटीच्या मागे बारीक लोखंडी जाळी अवश्य ठोकावी, कारण धान्य साठवलेल्या घरात उंदीर कागदी कोन कुरतडतात. कापूस किंवा मळणीची धूळ उडते तेथे पेटी झाकून ठेवावी, आणि मे महिन्यात ती टिनाच्या छपराखाली ठेवू नये.

नवा स्पीकर पहिल्या दिवशी थोडा ताठ वाजतो. काही तास वाजवल्यावर तो मोकळा होतो, म्हणून लगेच परत करण्याची घाई करू नये. पेटी जमिनीवर ठेवल्यास तीव्र स्वर वादकाच्या गुडघ्यांपाशीच जातात आणि त्याला आवाज बोथट वाटतो. ती बाजेवर किंवा स्टुलावर चढवून थोडी मागे कलती ठेवावी आणि मगच टोनची बटणे फिरवून पाहावीत.