केअरटेकरच्या कामाला नवीन येताय? मास्लो-एरिक्सनचा धडा नुसता पाठ करू नका

जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटच्या कोर्सला किंवा थेट घरी पेशंट सांभाळायला जी मुलंमुली नवीन येतायत त्यांच्यासाठी लिहितेय. मी रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात घरी राहून म्हातारी माणसं सांभाळते, आधी लहान बाळांचंही केलंय. बीपी बघणं, डायपर बदलणं, दर दोन तासांनी कूस बदलणं हे हाताला लवकर बसतं, पण मानवी गरजा आणि मनोसामाजिक विकास (वयाच्या टप्प्यांवर मन आणि नाती कशी घडतात ते) हा धडा आला की सगळे कंटाळतात आणि परीक्षेपुरता उरकतात. माझ्या मते एखाद्या घरात तुम्ही टिकणार की नाही ते याच धड्यावर ठरतं.

आधी अब्राहम मास्लो, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. 1943 च्या लेखात त्याने गरजांचे पाच गट सांगितले, शरीराच्या गरजा, सुरक्षितता, प्रेम-आपलेपणा, मान आणि शेवटी स्वतःतलं जे आहे ते पूर्ण फुलवणं. पुस्तकात पिरॅमिडचं चित्र असतं त्यामुळे नवीन मुलांना वाटतं की खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची सुरूच होत नाही, पण खालची गरज शंभर टक्के भागायला लागते असं नाही हे त्याच लेखात लिहिलंय, आणि ते चित्रही त्या लेखात नाहीये. घरात तर हे रोज दिसतं. आजींना पेज भरवताय, पोटाची गरज भागतेय, पण भरवताना तुम्ही मोबाईलवर बोलताय तर आजी दोन घासात तोंड फिरवणारच, कारण त्याच वेळी त्यांना माणूसही हवाय आणि मानही. (भरवताना बसतं करायचं आणि नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही, हे विसरू नका, ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं.)

अंघोळीला नको म्हणतात ही तक्रार तर सगळ्यांचीच. तिथे लगेच हट्टी म्हणायचं नाही, कुठली गरज अडलीय ते शोधायचं. न्हाणीघर मागच्या पडवीत, पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ, एकदा पडलेलं माणूस घाबरणारच ना, मग तिथे रबरी मॅट, धरायला दांडा आणि बसायला स्टूल लागतं, उपदेश नाही लागत. कधी भीती नसतेच, परक्या पोरीसमोर उघडं व्हायची लाज असते, तेव्हा अंगावर पंचा ठेवून एकेक भाग धुवायचा आणि त्यांचा हात पोचतो तिथे त्यांनाच धुऊ द्यायचं.

आता एरिक एरिक्सन, हाही मानसशास्त्रज्ञ. त्याने 1950 मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले, आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस एका ओढाताणीतून जातो. पहिल्या वर्षात विश्वास की अविश्वास, म्हणून बाळ रडल्यावर उचललं तर सवय लागेल असं घरातलं कोणी म्हणालं तरी उचला. दीड ते तीन वर्षांचं पोर मीच करणार म्हणतं, त्याला भात सांडू द्या, पुसायला आपण आहोतच. मधले टप्पे इथे सगळे सांगत नाही, पण किशोरवयातलं दिव्यांग मूल सांभाळायला मिळालं तर दार वाजवून आत जा, त्या वयात स्वतःची ओळख घडत असते.

माझं काम जास्त शेवटच्या दोन टप्प्यांशी येतं. सातव्यात माणसाला पुढच्या पिढीला काहीतरी द्यायचं असतं, आठव्यात मागे वळून बघताना समाधान वाटतं की वैफल्य हा प्रश्न असतो. पुस्तकात 65 च्या पुढे आठवा असं लिहिलेलं असतं पण वयाची रेघ इतकी सरळ नसते. गावच्या देवळात वर्षानुवर्षं गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागणारे, एक आजोबा होते, अर्धांगवायूनंतर बोलणं जड झालं आणि व्यायामाला हात लावू देईनात. गणपतीला चाकरमानी घरी आले तेव्हा नातवाला त्यांच्याजवळ बसवून गाऱ्हाणं म्हणायला लावलं, तो चुकला की आजोबा जीभ ओढत ओढत दुरुस्त करायचे, आणि त्या दिवसांत फिजिओथेरपीलाही आपणहून हात पुढे करायला लागले. त्यांना देण्यासारखं काहीतरी उरलंय हे त्यांना दिसायला हवं होतं.

म्हातारी माणसं तीच तीच जुनी गोष्ट सांगतात तेव्हा वात आलाय म्हणून सोडू नका. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने 1963 मध्ये लिहिलं की उतारवयात आयुष्याचा असा आढावा घेणं नैसर्गिक आहे. ऐका, मधे एखादा प्रश्न विचारा. विसरभोळेपणाच्या आजारात संध्याकाळ झाली की आजी मला माहेरी ने म्हणतात, तेव्हा आई कधीच वारली हे सांगून वाद घालू नका, दिवे लावा, जवळ बसा, माहेरच्या घराबद्दल विचारा, त्यांना त्या घडीला सुरक्षित वाटायला हवंय. पण एखादं माणूस अचानकच असं बरळायला लागलं, ताप असेल, लघवी कमी होत असेल तर ते मनाचं समजू नका, डॉक्टरांना लगेच कळवा.

नवीन घरी गेलात की औषधांच्या यादीबरोबर एवढं विचारून घ्या, आधी काय काम करायचे, हाक काय मारलेली आवडते, सकाळी पहिलं काय लागतं, कशाची भीती वाटते. मुलं मुंबईला असतील तर फोनवर विचारा. आणि स्वतःच्या गरजा बाजूला ठेवू नका, पगार ठरवतानाच रात्रीची झोप, जेवण आणि आठवड्याची सुट्टी स्पष्ट बोलून घ्या, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण येणार तेही.