पानांचा छाप पुसट येतोय? कागदावर छापताना या चुका टाळा

ओल्या कागदांच्या थरांत पानं ठेवून, गठ्ठा बांधून वाफ दिली की पानांचा आकार आणि रंग कागदावर उतरतो, तोच हा छाप. लातूरला आमच्या बोरचं पाणी उकळलं की पातेल्याच्या कडेला पांढरा थर धरतो, आणि मी तेच पाणी दोन महिने छापाला वापरलं अन् दोष पानांना देत बसले. क्षाराच्या पाण्यानं रंगाची छटाच बदलते, आणि पाण्यात लोह असलं की डाळिंबाच्या सालीचा पिवळा राखाडीकडं झुकतो, मग तुम्ही कितीही चांगली पानं आणा. आरओचं किंवा पावसाचं धरून ठेवलेलं पाणी घ्या, एका वेळेला लागतं तरी किती, दोन-तीन लिटर.

दुसरी चूक पण पाण्याचीच, कागद जास्त ओला. तुरटीच्या पाण्यात, मी लिटरला साधारण १० ग्रॅम घेते, कागद वीस मिनिटं ठेवला की जुन्या टॉवेलात दाबून घ्यायचा. हाताला गार लागला पाहिजे पण बोटाला पाणी नको. पानं पण धुऊन पुसूनच लावा, नाहीतर कडा पसरतात आणि गुलाबाच्या पानाचे बारीक दात दिसतच नाहीत, नुसता डाग दिसतो.

कागदाचं म्हणाल तर झेरॉक्सच्या कागदाचा लगदा होतो, ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कॉटनचा वॉटरकलर पेपर घ्या. हातकागद लई सुंदर, आपल्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला तर त्याची जुनी परंपरा आहे, पण साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेली खळ, नसलेला हातकागद टिपकागदासारखा रंग ओढून पसरवतो. कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा, लगेच शोषला तर या कामाला नको.

पान खालच्या बाजूनं, म्हणजे शिरा वर आलेल्या बाजूनं कागदाला टेकवा. सागाचं कोवळं पान मिळालं तर सोडू नका, किनवटकडं भरपूर मिळतं, चोळलं की बोटं लाल होतात, तोच लाल कागदावर उतरतो. जाड देठ मात्र कापून टाका, त्याच्यामुळं आजूबाजूला फट राहते आणि तिथं छाप उठतच नाही. दोन टाइलांमध्ये कागद-पानांचे थर दाबून सुतळीनं कचकचून बांधा, सैल बांधलं तर सगळी मेहनत वाया.

रंग गडद करायला हिराकस (लोहाचा क्षार) घालत असाल तर चिमूटभरच. जास्त झाली की सगळंच काळं पडतं, आणि लोहानं कागद हळूहळू कडक होऊन तुटायला लागतो. हिच्यासाठी वापरलेलं भांडं परत स्वयंपाकात आणायचं नाही, अजिबात नाही.

वाफ दीड तास द्या. इडलीपात्रात ठेवताना गठ्ठा पाण्याला टेकू देऊ नका, झाकणाला फडकं बांधा म्हणजे वरून थेंब पडणार नाहीत, आणि मधे पाणी संपलं का बघत राहा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाई करून. मी एकदा गठ्ठा गरम असतानाच सोडला तर एरंडाचं पान कागदाचा पापुद्राच घेऊन निघालं, आणि त्याच्याखाली इतक्या छान शिरा उठल्या होत्या की रडू आलं. रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी पान देठाकडून हळू उचला, कागद सावलीतच वाळवा.

अजून एक, हळद वापरू नका. आपल्या वसमतच्या हळदीचा रंग कितीही भडक आला तरी उजेडात उडतो. पिवळा पाहिजे असेल तर कांद्याची सालं उकळा, आणि फ्रेम केली तरी ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका.