डेंग्यू थांबवायला अंगणात डास वाढवायचे: वोल्बाकियाची बादली कशी सांभाळतात

दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या भाचीला डेंग्यू झाला होता, रोज सकाळी प्लेटलेट्सचा रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणाच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. तेव्हापासून ह्या विषयावर मिळेल ते वाचतेय आणि मला सगळ्यात जास्त पटलेलं काम आहे इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरातलं. तिथे लोकांनी मुद्दाम बादलीत डास वाढवले आणि डेंग्यू खरंच कमी झाला. ते कसं करतात ते नीट सांगते.

आधी बादलीत काय असतं ते बघू. वोल्बाकिया हा बॅक्टेरिया कितीतरी कीटकांच्या पेशीत आपणहून राहतो, केळी जास्त पिकली की जी चिलटं घोंगावतात ना त्यांच्यातपण असतो, पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात तो मुळात नसतो. शास्त्रज्ञांनी चिलटातला वोल्बाकिया बारीक सुईने एडिसच्या अंड्यात घातला. तो आत असला की डेंग्यूच्या व्हायरसला डासाच्या अंगात नीट वाढता येत नाही, मग डास चावला तरी आजार पुढे जाणं खूप कमी होतं. आणि खरी गंमत पुढे आहे, वोल्बाकियावाला नर साध्या मादीला भेटला तर तिची अंडी फुटतच नाहीत, पण वोल्बाकियावाली मादी कुठल्याही नराला भेटली तरी तिची पिल्लं होतात आणि त्यांच्यात आईकडून वोल्बाकिया येतो, म्हणजे पिढी दर पिढी तोच वाढत जातो. माणसाला तो लागत नाही.

आता काम. पहिली पायरी लॅबमधली आहे आणि तीच चुकली तर पुढचं सगळं वाया जातं. सोडायचे डास त्याच गावच्या डासांशी अनेक पिढ्या क्रॉस करून घ्यावे लागतात. ब्राझीलमध्ये रिओजवळ तुबियाकांगाला सुरुवातीला असे डास सोडले होते की जे घराघरात मारतात त्या स्प्रेने लगेच मरायचे, गावचे डास मात्र स्प्रेला सरावलेले, त्यामुळे वोल्बाकिया टिकलाच नाही. मग स्प्रे सहन करणारे डास तयार करून पुन्हा सोडले तेव्हा टिकला.

दुसरी पायरी लोकांची परवानगी, आणि इथे घाई करून चालत नाही. मीटिंगा घ्यायच्या, घरोघरी जायचं, काही महिने डास जास्त दिसतील, चावतीलही, हे आधीच स्पष्ट सांगायचं. बादली ठेवून घेणाऱ्यांना योग्यकार्तात 'ओरांग तुआ आसुह' म्हणतात, म्हणजे सांभाळ करणारे पालक. किती छान शब्द आहे हा.

मग बादली. झाकणाची छोटी प्लास्टिक बादली, वरच्या बाजूला भोकं, आत साधारण 1 लिटर पाणी, 100 ते 150 अंडी चिकटलेली एक पट्टी, आणि अळ्यांना खायला माशांचं खाद्य. साधारण 50 बाय 50 मीटरच्या चौकोनात एक किंवा दोन बादल्या पुरतात. ठेवायची सावलीतच, हे अगदी पक्कं लक्षात ठेवा, कारण चिलटातून आलेली वोल्बाकियाची wMel ही जात उन्हात पाणी तापलं की अळ्यांमधून कमी होते. (म्हणून मला नागपूर-अकोल्याचा विचार येतो, मे महिन्यातला. wAlbB नावाची दुसरी जात उष्णता जास्त सोसते, क्वालालंपूरला तीच वापरली.) मुंग्या लागणार नाहीत, लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर सांडणार नाही, पावसाचं पाणी आत जाणार नाही अशी जागा बघायची. झाकण उघडून सारखं बघायचं नाही, पाणी ओतायचं नाही, जवळ डासांचा स्प्रे मारायचा नाही. दोन आठवड्यात डास भोकांतून उडून जातात, मग कार्यकर्ते येऊन पट्टी, पाणी, खाद्य बदलतात. असं काही महिने चालतं, योग्यकार्तात 2017 च्या मार्च ते डिसेंबरमध्ये 9 ते 14 फेऱ्या झाल्या.

सोबत वस्तीत ट्रॅप लावून डास पकडतात आणि लॅबमध्ये तपासतात की कितींमध्ये वोल्बाकिया आहे. प्रमाण 60 टक्क्यांच्या वर जाऊन टिकलं की बादल्या उचलायच्या, पुढे ते आपोआप वाढतं. योग्यकार्तात ते 95 टक्क्यांच्या आसपास गेलं. शहराचे 24 भाग पाडून 12 भागांत डास सोडले होते, उरलेल्या 12 भागांच्या मानाने तिथे डेंग्यू 77 टक्के कमी आणि हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची वेळ 86 टक्के कमी आली, 2021 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आदी उतारिनी ह्या तिथल्या प्राध्यापिका ह्या कामाच्या पुढे होत्या.

पण बादली आली म्हणून कोरडा दिवस बंद करायचा नाही. पिंप, कूलर, कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासायच्याच, फक्त प्रोजेक्टची बादली तेवढी सोडून. आणि मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस किंवा रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स ह्याने जात नाही, मच्छरदाणी लागणारच.

कोणी विचारेल अंडी कुठे मिळतात, तर विकत मिळत नाहीत आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पुदुच्चेरीतल्या संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाकडून आणलेले वोल्बाकियावाले डास पुदुच्चेरीच्या स्थानिक एडिसशी क्रॉस करून नवे डास तयार केलेत, 2022 मध्ये ते जाहीर झालं. ते बाहेर सोडायला सरकारची मंजुरी लागते. उद्या आपल्या वॉर्डात असा प्रोजेक्ट आला आणि दारात कोणी बादली घेऊन उभं राहिलं तर तीन गोष्टी विचारा, डास इथल्या डासांशी क्रॉस केलेत का, उन्हाळ्यात टिकणारी जात आहे का, आणि बादल्या उचलल्यावर ट्रॅप किती दिवस चालू ठेवणार. नीट उत्तरं मिळाली तर माझ्या घरामागची पेरूखालची सावलीची जागा मी लगेच देईन.